आधी सांगा, फोडणी कोण देतंय?

प्रश्न : ताई, माझ्या सूनबाईला तिसरा महिना लागलाय. पहिलटकरीण आहे. सकाळी डोळा उघडला की उलट्या, मग दिवसभर मळमळ. काहीच खायली नाही. फोडणी दिली की तोंडाला पदर लावून अंगणात पळती. आलं दिलं, लिंबू दिलं, आवळासुपारी दिली, ओव्याचा काढा दिला. शेजारीण म्हणती मिश्री लावू द्या, तोंडाला बरं वाटतं. कोणी म्हणतं लई उलट्या म्हणजे मुलगी. डॉक्टरांनी गोळी लिहून दिलीय, पण या दिवसांत द्यायची भीती वाटते. आम्हीबी बाळंतपणं केली, सातव्या महिन्यापर्यंत खुरपत होतो. आता हे असं कामून होतंय? घरचा एखादा खात्रीचा उपाय सांगा. श्रावण तोंडावर आलाय, तिचे सोमवार असतात. का माहेरी पाठवून देऊ?
– एक सासू, सेलू तालुका, जि. परभणी

ताई,

पत्र दोनदा वाचलं. चार उपाय तुम्ही बोटांवर मोजून सांगितलेत आणि त्यांच्याआधी सहज एक वाक्य लिहून गेलात, की फोडणी दिली की ती अंगणात पळते. फोडणी देतं कोण, हे मात्र लिहिलं नाही. तीच देत असेल आणि कढई तशीच टाकून पळत असेल, तर तुम्ही आल्याचं पोतं आणलं तरी उपयोग व्हायचा नाही.

त्याआधी तुमच्या 'कामून'चं उत्तर देते. 'नखरे' हा शब्द तुम्ही लिहिला नाही, पण मला तो ऐकू आला. राग मानू नका. ३१ वर्षं उपकेंद्रावर सिस्टर म्हणून काढली, हा शब्द दर दुसऱ्या घरात ऐकलाय.

दहा गरोदर बायांमधल्या सात-आठ जणींना कमीजास्त मळमळ होतेच. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायचं. साधारण सहाव्या आठवड्यात सुरू होते, नवव्या-दहाव्यात ऐन जोरात असते आणि बाराव्या-चौदाव्यापासून बहुतेकींची ओसरायला लागते. काहींची विसाव्यापर्यंत रेंगाळते. म्हणजे तुमची सून सध्या भर पुरात उभी आहे. उरलेल्या दोन-तीन जणींना काही म्हणजे काही होत नाही. तुम्ही त्यातल्या असाल. त्यात तुमचा पराक्रम नाही आणि तिचा नाजूकपणाही नाही.

असं का होतं, याचा एक मोठा धागा अलीकडेच हाती लागला. वारेतून जीडीएफ-१५ नावाचं एक द्रव्य आईच्या रक्तात उतरतं आणि मेंदूतल्या उलटीच्या जागेला जाऊन डिवचतं. जिच्या अंगात हे द्रव्य दिवस जाण्याआधी कमी होतं, तिला त्याची सवयच नसते, म्हणून तिला त्रास जास्त. डिसेंबर २०२३ मध्ये 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात हे छापून आलं. तिखटाची सवय नसलेल्या माणसाला आपला ठेचा खायला बसवल्यावर त्याचं जे होतं, तसंच हे. डोळ्यांतून पाणी आलं म्हणून आपण त्याला नखरेल म्हणत नाही.

आणि ते मुलगी-मुलगा. तुमच्या घरात पोटातल्या बाळाबद्दल ही बोलणी चालली असतील तर आजच बंद करा. उलट्यांवरून काहीही ओळखता येत नाही, आणि दुसऱ्या कुठल्या वाटेनं विचारायला जाणं १९९४ च्या कायद्यानं गुन्हा आहे. उपाशी पोटी ओकणाऱ्या पोरीला वर हेही ऐकावं लागत असेल तर तिच्या घशाखाली काय उतरणार?

आता सकाळ. रात्री आठला जेवलेलं पोट पहाटेपर्यंत रिकामं होतं. रिकामं पोट, त्यात एकदम उठून उभं राहणं, त्यात चुलीचा धूर नाहीतर चहाचा वास, असं तिन्ही एकदम आलं की पहिली उलटी. एकदा ती झाली की मग सगळा दिवस तिच्यामागे वाहत जातो. म्हणून करायचं ते उठायच्या आधी. तिच्या उशाशी रात्रीच एक झाकणाचा डबा ठेवा. त्यात काहीतरी कोरडं हवं. ज्वारीच्या लाह्या सगळ्यांत उत्तम, आणि नागपंचमीला तुमच्याकडे त्या फुटणारच आहेत. लाह्या नसतील तर फुटाणे, मुरमुरे, टोस्ट, रात्रीच्या भाकरीचा कडक भाजलेला पापुद्रा, काहीही चालेल. डोळा उघडला की पडल्या पडल्या मूठभर चावून खायचं, वर पाणी प्यायचं नाही, पंधरा-वीस मिनिटं तसंच पडून राहायचं. मग कुशीवर वळून, हाताचा टेकू घेऊन हळू उठायचं.

हे मी पुस्तकात नंतर वाचलं. माझ्या वेळी मी नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती, गावातल्या बायांना फळा टांगून आहार शिकवत होते, आणि घरी पहाटे करडईचं तेल तापलं की मोरीकडे धावत होते. सासूबाई बोलायच्या नाहीत, पण कढईत कालथा जोरात आपटायच्या. माझी मोठी जाऊ कधी शाळेत गेली नव्हती. एके दिवशी पहाटे जाग आली तर उशाशी पितळी वाटी, तिच्यावर ताटली, ताटलीवर मांजर येऊ नये म्हणून वरवंटा. आत लाह्या. ती माझ्या आधी उठून चुलीपाशी बसली होती. पुढचे दीड महिने ती वाटी रोज भरलेली असायची, आणि आम्ही दोघी त्याबद्दल एक शब्द बोललो नाही. सकाळची उलटी पूर्ण थांबली असं नाही, पण तीनाच्या जागी एक झाली, आणि मी ड्युटीवर जाऊ शकले.

तेव्हा फोडणी तुम्ही घ्या, ताई. फक्त महिना-दीड महिना. तुमचे गुडघे दुखत असतील तर मुलाला शिकवा. कांदा-लसणाची फोडणी देणं हे काही सोनाराचं काम नाही. आपल्याकडचं करडईचं तेल तापताना उग्र वास सोडतं, त्यावर येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची आमटी म्हणजे वासाला वास. या दिवसांत बाईचं नाक कुत्र्यासारखं तिखट होतं, तीन खोल्यांपलीकडचं कळतं. स्वयंपाक होईपर्यंत तिला ओसरीवर, वारं असेल तिथे बसू द्या. तिचं ताट गरम वाढू नका. वाफेबरोबर वास येतो, गार झाल्यावर तो निम्मा होतो. दही-भात, ताकातल्या ज्वारीच्या कण्या, गार आंबील, कोरडी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी असलं उतरतं का बघा. तिला जे उतरेल ते. चार दिवस मुरमुऱ्यांचा सुशीलाच मागितला तर चार दिवस सुशीला करा, पाचव्या दिवशी तिला त्याचीच शिसारी येईल, तेही धरून चाला.

शेताचंही एक आहे. सोयाबीन-कापसावर फवारणीचे दिवस आहेत. औषधाचे डबे आणि पंप घरात, त्यातून तिच्या झोपायच्या खोलीत ठेवू नका, फवारलेल्या रानात तिला नेऊ नका, आणि फवारणीचे कपडे तिला धुवायला देऊ नका. वासानं उलटी होते ही त्यातली सगळ्यांत छोटी गोष्ट.

'दोघांचं खा' असं तिला म्हणू नका. बाळ सध्या द्राक्षाएवढं आहे, त्याला लागतं ते ती दोन-चार घासांतून पुरवते. तीन वेळा ताटभर वाढण्यापेक्षा दर दोन तासांनी मूठभर द्या. जेवताना पाणी नको, जेवणाआधी नाहीतर नंतर अर्ध्या तासानं, तेही घोटघोट. जेवून लगेच आडवं पडू नये. तेलकट, तळलेलं थोडे दिवस बाजूला राहू द्या.

आता तुमचे चार उपाय.

आलं चांगलं आहे, आणि ही नुसती आजीबाईची गोष्ट नाही, त्यावर बऱ्याच चाचण्या झाल्यात. मळमळ कमी होते, उलटीवर मात्र फरक तितका पडत नाही. पण तुम्ही 'आलं दिलं' म्हणजे किती दिलं? चहात ठेचून घातलेलं आलं मी धरत नाही. सुंठेची पूड दिवसभरात मिळून एक ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट अर्धा चमचा, तीन-चार वेळांत वाटून, गुळाच्या खड्यात गोळी करून नाहीतर कोमट पाण्यात. चार-पाच दिवस नेमानं देऊन बघा. छातीत जळजळ वाढली तर थांबवा. ती रक्त पातळ करणारं औषध घेत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुंठेची पूड देऊ नका.

लिंबू पोटात देण्यापेक्षा नाकाला जास्त कामाचं. कापलेली फोड रुमालात ठेवा, वास सहन होईना की हुंगायची. रिकाम्या पोटी आंबट सरबत काहींना उलट झोंबतं. त्यापेक्षा जालन्याकडची मोसंबी सोलून गार फोडी चोखू द्या.

आवळासुपारी घरची असेल, नुसता आवळा आणि मीठ, तर चालेल. पुडीतली असेल तर उघडून बघा. आत खरी सुपारी निघाली तर फेका.

ओवा भाजीत, पुरीत असतो तेवढाच. काढा बंद. घरगुती म्हणजे निर्धोक असं आपण धरून चालतो, पण स्वयंपाकात चिमूट लागणाऱ्या वस्तूचा पेलाभर काढा ही वेगळी गोष्ट आहे. वैदूची पूड, पोस्टानं मागवलेलं चूर्ण, दुधातला चुना, गेरू, भाजलेली माती यांतलं काहीच नको. माती खावीशी वाटणं हे पुष्कळदा रक्त कमी असल्याचं लक्षण असतं. तसं असेल तर लपवायला लावू नका, सिस्टरला सांगून हिमोग्लोबिन तपासा.

मिश्रीवर मला जरा जास्त बोलायचंय. तुमची शेजारीण खोटं बोलत नाही. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली, बोटानं हिरड्यांना लावली की तोंडाची चव बदलते, क्षणभर मळमळ दबल्यासारखी वाटते. पण ती तंबाखूच आहे. हिरडीतून निकोटीन रक्तात, रक्तातून वारेत. बाळ कमी वजनाचं होतं, दिवस भरायच्या आधी येतं. आणि निकोटीननं स्वतःलाच मळमळतं, म्हणजे दोन तासांनी पुन्हा डबी हवीच. मी किती बायांना विचारलंय, 'मिश्री कधीपासून?' आणि किती जणींनी सांगितलंय, 'पहिल्या पोराच्या वेळी तोंडाला पाणी सुटायचं, तेव्हापासून.' पोरगं पंचविशीचं झालं, डबी कमरेलाच. तुमच्या कमरेला असेल तर तिच्यासमोर काढू नका एवढं तरी करा. दात घासताना टूथपेस्टच्या फेसानं उलटी होत असेल तर लहान मुलांचा ब्रश, नखाएवढी पेस्ट, आणि उठल्या उठल्या नाही, काहीतरी खाऊन तासाभरानं. उलटी झाल्यावर लगेच ब्रशही नको. पेलाभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा टाकून चूळ भरायची, म्हणजे आंबटानं दात झिजत नाहीत.

श्रावणी सोमवार या वर्षी नाहीत, आणि भाद्रपदातली हरतालिकाही निर्जळी नाही. रिकामं पोट हेच तर दुखणं आहे, त्यात उपवास म्हणजे आगीत रॉकेल. ती स्वतःहून सोडणार नाही, लोक काय म्हणतील म्हणून. तुम्ही सोडा म्हणालात तरच सुटेल. तिच्या वाटचा सोमवार तुम्ही धरा हवं तर, महादेव हिशेबाला पक्का नाही.

गोळीची भीती. ही भीती उगाच आलेली नाही. १९५७ साली जर्मनीत थॅलिडोमाइड नावाचं औषध निघालं, गरोदर बायांना मळमळीवरही दिलं गेलं, आणि हजारो बाळं हातापायांत व्यंग घेऊन जन्मली. १९६१ मध्ये ते मागे घेतलं. तेव्हापासून 'दिवसांत गोळी नको' हे जगभरच्या आयांच्या मनात बसलं. पण तुमच्या डॉक्टरांनी बहुधा डॉक्सिलामाईन आणि बी-६ जीवनसत्त्वाची गोळी लिहिली असेल. चिठ्ठी दुकानदाराला दाखवून नाव वाचून घ्या. ही जोडी १९५६ पासून वापरात आहे. अमेरिकेत कोर्टकज्जांना कंटाळून कंपनीनं ती १९८३ मध्ये बंद केली होती, बाळाला अपाय होतो असं काही सिद्ध झालं नाही, आणि २०१३ मध्ये तिथल्या सरकारनं पुन्हा परवानगी दिली. तीच असेल तर निर्धास्त द्या, सांगितलीय तशी. झोप येते, म्हणून पहिली गोळी रात्रीची असते. गोळी घेऊन सून अकराला पेंगली तर तोही नखरा नाही.

दुसरी गोष्ट लाल गोळीची, म्हणजे लोहाची. ती सरकारी कार्यक्रमातही चौथ्या महिन्यापासून असते. पहिल्या तीन महिन्यांत फक्त फॉलिक ॲसिडची छोटी गोळी. कोणी हौसेनं आत्ताच लोह सुरू केलं असेल तर मळमळ त्यानंही वाढते. हिमोग्लोबिन कमी म्हणून डॉक्टरांनी मुद्दाम दिली असेल तर मात्र मनानं बंद करू नका, त्यांना विचारा. फॉलिक ॲसिड रात्री जेवणानंतर द्या, ती चुकवायची नाही.

घरचे उपाय कुठे थांबवायचे, ते आता नीट ऐका. एका तांड्यावर मी एका पोरीला बघायला गेले होते. चार दिवस घरच्यांनी लिंबू-साखर चालवली होती. मी हाताच्या मागची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती तशीच उभी राहिली, खाली बसेना. 'लघवी कधी झाली?' विचारलं तर तिला आठवेना. तिला गाडीत घालून नेली, वाचली. पण दोन दिवस आधी नेता आली असती.

तर हे बघत राहा. आठ तासांत लघवी झाली नाही, किंवा झाली ती कोऱ्या चहाच्या रंगाची. दिवसभरात घोटभर पाणीही टिकलं नाही. उभी राहिली की चक्कर. उलटीत रक्त. पोटात कळ, ताप, लघवीला जळजळ, अंगावरून जाणं. यातलं एकही दिसलं की त्याच दिवशी दवाखाना. आणि वजन. आशाताईकडे नाहीतर अंगणवाडीत काटा असतो, दर आठवड्याला एकदा करा. ४६ किलोची पोरगी सव्वादोन किलोनं उतरली म्हणजे वीस भागांतला एक भाग गेला, ती मर्यादा आहे. गाडीसाठी १०२ लावा, गरोदर बाईला पैसे पडत नाहीत. तोवर मीठ-साखरेचं पाणी घोटघोट. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. ओआरएसची पुडी असेल तर तीच बरी.

गावातल्या डॉक्टरकडे 'दोन बाटल्या लावून घ्या' हा प्रकार नको. अंगातलं पाणी खरंच गेलं असेल तर सलाईन लागतंच, पण लघवी-रक्त तपासून, जिथे सोनोग्राफी आहे तिथे. फार दिवसांच्या उलट्यांनंतर साखरेची बाटली लावायच्या आधी बी-१ चं इंजेक्शन देतात. ते न देता बाटली चढवली तर मेंदूला इजा होऊ शकते. सोनोग्राफी अशासाठी, की जुळं असेल किंवा द्राक्षगर्भ, म्हणजे बाळाऐवजी वारेचीच द्राक्षाच्या घडासारखी वाढ, असेल तरी उलट्या अशाच बेसुमार होतात. तिची अजून झाली नसेल तर या आठवड्यात करून घ्या. थांबलेल्या उलट्या पाचव्या-सहाव्या महिन्यानंतर पुन्हा सुरू झाल्या, सोबत डोकं दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ते डोहाळे नव्हेत. रक्तदाब बघायला लगेच जायचं.

राहिलं माहेर. हे मला नाही, तिला विचारा, आणि मुलासमोर नको, दोघीच असताना. 'तुला जावंसं वाटतंय का?' एवढंच. 'जा' असं म्हणालात तर घालवून देताय असं वाटेल, 'नको जाऊ' म्हणालात तर अडकवलं असं. ती हो म्हणाली तर पहाटेची एसटी धरू नका. दहाची बघा, पोटात काहीतरी पडलेलं असेल अशी. पुढची सीट, खिडकी तिची, मुलगा सोबत. पिशवीत लाह्यांचा डबा, रुमालात लिंबाची फोड, पाण्याची बाटली, तपासणीचं कार्ड, आणि दोन जाड पिशव्या, भोक नाही हे आधी फुंकून बघितलेल्या.